वर विज्ञान भवन, खाली गोदावरी

मंगळवार, 23 सप्टेंबर 2025. टीव्हीच्या पडद्यावर वर दिल्लीचं विज्ञान भवन दिसत होतं आणि खालच्या सरकत्या पट्टीत मराठवाडा. वर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू 71वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार देत होत्या. खाली धरणांचे दरवाजे, नद्यांचे पूर, संपर्क तुटलेली गावं. जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या आमच्या घरात त्या संध्याकाळी आठ-दहा माणसं जमली होती, पण पुरस्कार बघायला म्हणून कुणीच आलेलं नव्हतं. गल्लीत लाइट सारखी ये-जा करत होती. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून मोबाइल चार्जिंगला लावून मंडळी खालची पट्टी वाचत टेकली होती. कुणाची सोयाबीन पाण्यात उभी, कुणाच्या कपाशीची बोंडं झाडावरच काळी पडलेली, कुणाचं माहेर शहागडकडे गोदाकाठाला. आदल्याच दिवशी घट बसले होते. मंगळवारचा रंग लाल, म्हणून मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला निघालेल्या लाल साड्यांतल्या चार बायकाही पावसानं अडकून आमच्या ओट्यावर चढल्या होत्या.

आणि मग पडद्यावर ती मुलगी आली. त्रिशा ठोसर. एवढीशी, साडी नेसलेली. नाव पुकारल्यावर ती मंचावर चालत गेली तेव्हा सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आमच्याकडे मोबाइलमध्ये डोकं घातलेल्यांनीही मान वर केली.

"माय! केवढंसं लेकरू हे," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यानंतर काही वेळ खालची पट्टी कुणी वाचली नाही. कोणाची मुलगी, कोणत्या गावची, साडी कुणी नेसवली असेल, एवढ्या माणसांत भ्यायली कशी नाही. एका बाईनं विचारलं, "वाचता तर येत नसंल अजून तिला. मग पाठ कसं केलं असंल?" मी शिक्षिका आहे, आणि अभिनयाबद्दल इतका नेमका प्रश्न मी मोठमोठ्या परीक्षणांतही वाचलेला नाही. अक्षरओळख नसलेलं मूल वाक्य पाठ करतं ते कानानं. समोरच्याचा सूर धरून, त्याच्या चेहऱ्याकडे बघून. म्हणून तर अशा मुलाच्या तोंडी वाक्य वाचल्यासारखं येत नाही, बोलल्यासारखं येतं. त्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमच्या जात्यावरच्या ओव्या तशाच की."

पुढचा प्रश्न तिनंच विचारला. "सिनेमा कोणता हा?"

"नाळ, भाग दोन."

"कुठं लागलाय?"

तो 2023च्या दिवाळीत लागला होता आणि उतरूनही जवळपास दोन वर्षं झाली होती. हे मी सांगितलं आणि खोलीतला उत्साह माझ्या डोळ्यांदेखत ओसरला. ज्याची एवढी शाबासकी चालली होती ती गोष्ट जमलेल्यांपैकी कुणीही पाहिलेली नव्हती. मला या सोहळ्याबद्दल जे वाटतं ते सगळं त्या दोन शब्दांत आहे: कुठं लागलाय?

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार पाच मुलांना विभागून मिळाला, आणि त्यातली चार मुलं मराठी सिनेमातली होती. 'नाळ 2'मधली त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप, 'जिप्सी'मधला कबीर खंदारे. पाचवी सुकृती वेणी ही तेलुगू सिनेमातली. 'नाळ 2' सर्वोत्कृष्ट बालचित्रपटही ठरला. श्रीनिवासला तर 'नाळ'च्या पहिल्या भागासाठीही हाच पुरस्कार मिळालेला होता. तेव्हाचं ते छोटं पोर आता उंच झालेलं दिसलं. 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे यांना पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा मान मिळाला. आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट होता सुजय डहाके यांचा 'श्यामची आई'. हे नाव ऐकलं आणि माझ्या सासूबाई सावरून बसल्या. हे पुरस्कार 1954 साली सुरू झाले, तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं होतं ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. सात दशकांनी तेच पुस्तक, तीच आई पुन्हा दिल्लीला गेली. आमच्या भागात ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही तिथेही हे एक सापडतं, कधी बक्षीस म्हणून आलेलं, कधी कव्हर गेलेलं. त्या पुस्तकामुळे सासूबाईंना या पुरस्काराची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही.

अप्पांना मात्र हे सगळं खपत नव्हतं. ते माझे चुलत सासरे. दिवसभर पावसात भिजून शेतातून आलेले, मोसंबीची गळ बघून आलेले. "बंद करा ते नाचगाणं," ते म्हणाले. "इथं लोकांची जितराबं वाहून चाललीत."

"यात नाचगाणं नसतंय अप्पा," धाकट्या जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे राष्ट्रपती देतात."

जाऊबाईंनी सांगितलेला फरक खरा आहे. खासगी वाहिन्यांचे सोहळे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांत मंचावर नाच असतो, निवेदकांची थट्टामस्करी असते, कॅमेरा सारखा पहिल्या रांगेवर फिरतो, आणि कार्यक्रम कापून-जोडून काही दिवसांनी दाखवतात. विज्ञान भवनात तसं काही होत नाही. नाव पुकारलं जातं, कामाबद्दल दोन ओळी वाचल्या जातात, माणूस चालत जातो, पदक आणि प्रशस्तिपत्र घेतो, खाली येतो. आमच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाची शिस्तही हीच. म्हणून आमच्या लोकांना तो परका वाटत नाही. ज्याचं नाव पुकारलं जातं त्याच्या चालीकडे ते बघतात: घाबरला का, वाकून नमस्कार केला का, आई-वडील आले होते का.

अप्पांचा राग मी समजू शकते. घरात पाणी शिरलेल्या माणसाला दिल्लीतल्या टाळ्या ऐकवू नयेत. पण मला ते बंद करावंसं वाटलं नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी मी बंद करणार नाही. संकटाच्या दिवसांत आमच्या जिल्ह्याचं नाव देशाला ऐकू जातं ते फक्त खालच्या पट्टीतून. दुष्काळ पडला की जालना, अतिवृष्टी झाली की जालना. त्या दिवशी वरच्या चौकटीत आमच्याच भाषेत बोलणारी, आमच्यासारख्या घरांची गोष्ट सांगणारी मुलं उभी होती. तेवढा वेळ तरी आम्ही नुसते पूरग्रस्त नव्हतो.

शाहरुख खान आला तेव्हा ओट्यावरच्या दोन पोरांनी शिट्टी मारली. त्याचा हा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार, 'जवान'साठी, विक्रांत मॅस्सीबरोबर विभागून. मोबाइलवरच्या ग्रुपांत त्यावरून त्या दिवशी बराच वाद चालू होता: 'जवान' ही काय पुरस्काराची भूमिका आहे का, त्याच्या अमुक सिनेमाला द्यायला हवा होता, वगैरे. आमच्या खोलीत असं काही झालं नाही. एक पोरगा अप्पांना समजावून सांगत होता, "अप्पा, त्याच्यात एक शेतकरी दाखवलाय. ट्रॅक्टरचं कर्ज थकतं म्हणून बँकवाले त्याला छळतात. अन् मोठ्या गाडीला व्याज कमी, ट्रॅक्टरला जास्त, हे भर सिनेमात बोलून दाखवलंय." अप्पांनी पहिल्यांदा नीट पडद्याकडे बघितलं. "खरंय ते," म्हणाले. मारामारीच्या सिनेमातला तेवढाच प्रसंग आमच्याकडे लोकांच्या ध्यानात राहिला आहे. ज्या मुलखात कर्जापायी गेलेल्या माणसाचं घर प्रत्येक गावात दाखवता येतं, तिथे त्या अभिनेत्याला मिळालेल्या पदकाचा अर्थ असा लागतो.

विक्रांत मॅस्सीच्या 'ट्वेल्थ फेल'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. तिथे तर आमच्या पोरांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख याच जालना जिल्ह्यातला. केंद्रीय लोकसेवा आयोगाची 2015ची परीक्षा तो एकविसाव्या वर्षी, पहिल्याच झटक्यात पास झाला. तेव्हापासून इथल्या अभ्यासिकांत त्याचं नाव रोज घेतलं जातं. सिनेमातला मनोज शर्मा चंबळचा असला तरी आमच्या पोरांनी त्याला जालन्याचाच धरून टाकलंय.

पण 'जवान' आणि 'ट्वेल्थ फेल' पोरांनी पाहिलेले होते. म्हणून तर ते बोलू शकले, अप्पांशी वाद घालू शकले. 'नाळ 2', 'जिप्सी', 'आत्मपॅम्फ्लेट', 'श्यामची आई' यांच्याबद्दल ते फक्त टाळ्या वाजवू शकत होते. आपल्याच भाषेतल्या सिनेमाबद्दल आपल्याकडे बोलायला काही नसावं आणि हिंदीबद्दल मात्र तासभर बोलता यावं, याचं मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

हे आजचं नाही. 3 मे 2013ला साठावे पुरस्कार दिले गेले. तो उन्हाळा जालन्याला कुणी विसरलेलं नाही. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणं, पाण्याविना उभ्याच्या उभ्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा, त्या तोडून रचलेले लाकडांचे ढीग. त्या वर्षी 'धग'साठी उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली आणि शिवाजी लोटन पाटील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक. 'अनुमती'साठी विक्रम गोखल्यांना इरफान खानबरोबर अभिनयाचा पुरस्कार मिळाला. 'धग'मध्ये स्मशानात काम करणाऱ्या घरातला एक मुलगा आहे. त्या घरची माणसं आमच्या प्रत्येक गावाच्या कडेला राहतात, त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. सगळ्यात आधी तो सिनेमा बघायचा हक्क त्यांचा होता. त्यांना पुरस्काराची बातमीसुद्धा मीच सांगितली. सिनेमा दाखवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्याच महिन्याच्या 29 तारखेला 'सैराट' लागला आणि चारच दिवसांनी, 3 मेला, रिंकू राजगुरूनं दिल्लीत राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतला. सिनेमा आणि सन्मान एकाच आठवड्यात आले. आमच्या गल्लीतून जीप भरभरून लोक जालन्याला गेले. दुष्काळात पदरचे पैसे खर्चून गेले, परत आल्यावर आठ-आठ दिवस बोलत राहिले. शेवटच्या प्रसंगानंतर बायका चिडीचूप परत आल्या आणि मग हळूहळू आपापल्या घरातलं बोलू लागल्या, ते मी ऐकलेलं आहे. जातीबद्दल एरवी कधीच उघड न होणारं बोलणं त्या आठवड्यात पाण्याच्या रांगेत झालं. तेव्हा लोकांना असले सिनेमे नको असतात, हे मला कुणी सांगू नये.

मी लहान होते तेव्हा दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे दाखवायचं. बंगाली, मल्याळी, कन्नड, आसामी. त्यातले पुष्कळसे पुरस्कार मिळालेलेच असायचे. गल्लीत मोजके टीव्ही, अँटेना फिरवायला एक पोरगं पत्र्यावर चढलेलं. भाषा कळायची नाही, खालच्या इंग्रजी ओळी वाचण्याइतकं इंग्रजी कुणाला येत नव्हतं. तरी आमची आजी बसायची. ती माणसांकडे बघून गोष्ट लावायची. "सावत्र दिसती ती," म्हणायची, "ताट वाढताना तोंड बघ." कोण बाई कुणाची कोण लागते हे तिला ताटावरून, उंबऱ्यावरून, पदरावरून कळायचं, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असायची. केरळातलं घर तिला आपल्या घरासारखं वाचता येत होतं, कारण कुणीतरी ते तिच्यापर्यंत पोचवलं होतं. पुरस्कार देणारं आणि दूरदर्शन ज्याच्या छत्राखाली येतं ते माहिती आणि प्रसारण मंत्रालय आजही एकच आहे. मधली ती रविवारची दुपार तेवढी हरवली.

जत्रेतले तंबूही हळूहळू हटले. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बसायचे, मागच्या बाजूला अक्षरं उलटी दिसायची, पण तिकीट मिळालं याचाच आनंद. या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. 2016 साली त्याचा कान महोत्सवात गौरव झाला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. महाराष्ट्रातल्या खेड्यांना सिनेमा दाखवणाऱ्या माणसांवरचा तो सिनेमा. ज्या गावांनी ते तंबू भरले होते त्या गावांना तरी तो बघायला मिळायला हवा होता.

पुराच्या त्या आठवड्यात माझ्या शाळेत मुलं तुरळक येत होती. जी आली ती ओल्या दप्तरांनी आली. त्यांनीही मोबाइलवर त्रिशाचा व्हिडिओ बघितलेला होता. परिपाठानंतर मी विचारलं, काय वाटलं? तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, ती शूटिंगला गेल्यावर तिची हजेरी कोण मांडतं?" दुसऱ्यानं विचारलं, "तिला तिथं रडायला लावत्यात का खरंच?" एकाला पदक सोन्याचं की चांदीचं हे हवं होतं. आणि संमेलनात दरवर्षी सावित्रीबाई होणारी चौथीतली मुलगी बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणाली, "मला पण येतं तसं."

येतं तिला. मी पाहिलंय. गेल्या संमेलनात अंगावर शेण पडल्याचा प्रसंग करताना तिनं पदर झटकला नव्हता; दोन बोटांनी हळूच डाग पुसला आणि पुढे चालत राहिली. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. तालमीतही तिनं तसं केलं नव्हतं. घरी तिची आई लोकांकडे धुण्याभांड्याला जाते. ती गोष्ट तिनं कुठून उचलली असेल याचा विचार करत मी विंगेत उभी राहिले होते. अशी मुलं प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे करमाळ्याकडच्या गावात हलगी वाजवताना नागराज मंजुळ्यांच्या नजरेस पडला, आणि 2014 साली तोही याच विज्ञान भवनात बालकलाकाराचा पुरस्कार घ्यायला गेला. कुणीतरी बघणारा भेटावा लागतो.

आणि टाळ्यांनंतरचं काय, ही काळजी मला शिक्षिका म्हणून वाटतेच. त्रिशाचं कौतुक करताना कमल हासन यांनी आपला विक्रम मोडल्याचं जाहीरपणे लिहिलं. त्यांना पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा ते सहा वर्षांचे होते, ती त्याहून लहान. ते नट झाले, मोठे नट झाले. पण मला अधिक जवळचे वाटतात ते माधव वझे. अत्र्यांच्या सिनेमातला श्याम. सगळ्या महाराष्ट्राला रडवलेला तो मुलगा पुढे इंग्रजीचा प्राध्यापक झाला, नाटकांवर समीक्षा लिहू लागला, शिकवत राहिला. 2025च्या मे महिन्यात ते गेले. पुरस्कारांच्या घोषणेआधी तीनच महिने. नव्या 'श्यामची आई'चं नाव विज्ञान भवनात पुकारलं गेलं तेव्हा ते हवे होते, असं मला फार वाटलं. बालपणी एवढं मिळूनही ज्याला पुढे वर्गात उभं राहून शिकवावंसं वाटलं, त्याच्या हातून मुलांना काय मिळालं असेल!

पाऊस उघडल्यावर मराठीच्या तासाला निबंध आला. पुस्तकाप्रमाणे विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. नागराज मंजुळे यांच्या 'पावसाचा निबंध' या लघुपटात नेमकं हेच आहे: घर गळतंय आणि मुलाला पावसाच्या सौंदर्यावर लिहायचंय. त्यासाठी त्यांना 2018 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी मुलांना सांगितलं, इंद्रधनुष्य आणि कागदी होडी बाजूला ठेवा, तुमच्या घरी काय झालं ते लिहा. एकानं लिहिलं, "चूल विझली म्हणून आईने शेगडी बाजेवर ठेवली आणि आम्ही तिच्या भोवती बसलो. शेळी पण बाजेवर होती." दोनच वाक्यं. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

माझं मागणं अवघड नाही. ज्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो तो वर्षभरात एकदा तरी प्रत्येक तालुक्यात दाखवला जावा. निर्मात्याला त्याचा मोबदला सरकारनं द्यावा. जागेची अडचण नाही. गावोगाव सभामंडप आहेत, शाळांना लोकवर्गणीतून मोठे टीव्ही मिळालेत. तालुक्याच्या गावी चालू थिएटर नाही, शहरातलं थिएटर आठवडाभरात गर्दी नाही म्हणून सिनेमा उतरवतं, आणि गर्दी व्हायची ती माणसं तीस-चाळीस किलोमीटरवर एसटीची वाट बघत असतात. हा गुंता व्यापाऱ्यांच्या भरवशावर सुटणार नाही, कारण त्यांना ते परवडत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. पुरस्कारावर खर्च करणाऱ्यानंच पुढचा खर्चही आपला मानला पाहिजे.

तोवर थांबायला मुलं तयार नव्हती. 'नाळ 2' एका पालकांच्या टीव्हीवर, त्यांनी घेतलेल्या ओटीटीच्या वर्गणीत निघाला. 6 ऑक्टोबरला कोजागिरी होती. त्यांनीच अंगणात टीव्ही मांडला, दूध आटवायला ठेवलं, आणि माझ्या वर्गातली जवळपास सगळी मुलं, त्यांची भावंडं, काहींच्या आज्या येऊन सतरंजीवर बसल्या. पहिला भाग त्यांना तोंडी सांगावा लागला: चैत्याला कळतं की आपल्याला सांभाळणारी आई ती जन्म देणारी नाही. या भागात तो जन्मदात्या आईच्या गावी जातो आणि तिथे त्याला धाकटी बहीण भेटते, चिमी. त्रिशा पडद्यावर आली तेव्हा "हीच ती" असा गलका झाला. नंतर तिला कुणी त्रिशा म्हटलं नाही. ती चिमीच झाली.

सिनेमा संपला आणि दुधाचे पेले हातात असतानाच भांडण पेटलं. चैत्याची खरी आई कोणती?

"दोन्ही," एक जण म्हणाला.

"दोन कशा राहतील? आधार कार्डावर एकच नाव येतंय," दुसऱ्यानं हरकत घेतली.

ज्याचे आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात तो मुलगा म्हणाला, "माझी माय कारखान्यावर गेली की मी आज्जीलाच माय म्हणतो. माय आली की दोघींला म्हणतो. आज्जीला कुठं राग येतोय?" त्याची आजी मागे बसलेली होती. ती म्हणाली, "येतो की कधी कधी." सगळे हसले, पण आधार कार्डवाला मागे हटला नाही. मी निकाल द्यावा असा आग्रह झाला. मी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर वाद तिथूनच पुढे सुरू झाला. आता मुलांनी दोन तट पाडले होते. सावित्रीबाई होणारी ती चौथीतली मुलगी मात्र कुठल्याच तटात गेली नाही. ती म्हणत होती, तुम्ही सगळे चैत्याचंच बोलताय. चिमीला कुणी विचारलं का, तिला भाऊ पाहिजे होता का ते?